पहिला रिंग रोड

नगरपालिकेत ट्रेसर होतो मी, पगार रुपयांत.
तेव्हा कुवेतात रुपयाच चालायचा.
सत्तावन्न साली साहेबांनी नकाशा पुढ्यात टाकला:
समुद्रापासून समुद्रापर्यंत मातीची भिंत,
शहराच्या पोटाभोवती करगोट्यासारखी.
म्हणाले, ही पूस. हिच्या जागी रस्ता काढ.

ब्लेडनं खरवडली, कागद फाटू न देता.
एक दुपार गेली.
बांधायला दोन महिने लागले होते,
मर्जूक सांगायचा. त्याच्या बापानं घमेली वाहिली होती.
तो स्वतः शामियाच्या वेशीवर पहारेकरी,
आता आमच्या कचेरीत शिपाई.

इशाची नमाज झाली की वेस बंद.
उशिरा आलेला उंटवाला बाहेर, वाळूत.
'ओळखीचा असला तरी?'
'ओळखीच्याला जास्त वेळ लागायचा,' म्हणाला,
'आधी शिव्या द्याव्या लागायच्या.'

हसलो मी. मग आठवलं खटावकडचं आमचं गाव.
वेशीच्या फळ्या कधीच वाळवीनं खाल्लेल्या,
गावकूस म्हणजे गुडघ्याएवढा दगडांचा ढीग,
तरी आमचं घर त्याच्या बाहेरच.
शेळी उडी मारून जायची.
आई नाही.

म्हणून बुलडोझर लागला तेव्हा
रजा टाकून बघायला गेलो.
माती पडताना फार आवाज होत नाही,
म्हातारं माणूस खोकावं तेवढाच.
धूळ बसली. पलीकडं नुसती वाळू
आणि तिच्यात चुन्यानं आखलेल्या माझ्याच रेघा.

पुढं दुसरा गोल काढला, तिसरा, चौथा,
कंपासाचं टोक त्याच भोकात.
मर्जूकला कैफानला घर मिळालं,
नळ, गच्ची, अंगणात बोरीचं झाड.
एकेक करून सगळेच तिकडं गेले,
आणि आतल्या मातीच्या खोल्या
आम्हाला भाड्यानं दिल्या, खोलीत नऊ जण.
जन्मात पहिल्यांदा कुसाच्या आत राहायला आलो
तर गाव बाहेर निघून गेलेलं.

वेशी तेवढ्या ठेवल्या, हिरवळीत, भिंतीवाचून.
शुक्रवारी एकीच्या सावलीत डबा खायचो.
तिथंच बसून आईला लिहिलं,
इथली भिंत पाडली, रेघ मीच ओढली.

दीड महिन्यानं उत्तर आलं, मास्तरांच्या अक्षरात:
बरं झालं. तब्येतीला जप.
पण विहीर कुणीकडं राहिली,
ते लिहिलं नाहीस.