माती वजा

स्कॉट्सब्लफच्या साखर कारखान्यात
सतरा हंगाम मी काट्यावर बसते आहे.
बीटचा ट्रक येतो, भरलेला तोलायचा,
रिकामा परततो, पुन्हा तोलायचा,
आणि उरल्या आकड्यातून
कंदांना चिकटून आलेली माती वजा करायची.
शेतकरी दर वर्षी भांडतात, एवढी माती नव्हतीच.
मी म्हणते, होती.

आता ऑरेगनला जायचं आहे, अ‍ॅस्टोरियाला.
आधी नोकरी, मग सामान, असं मी ठरवलं.
माझी बहीण लिओटा म्हणते, येऊन टाक, मिळेल काहीतरी.
लिओटा आधी उडी मारते
आणि हवेत असताना बघते, खाली पाणी आहे का.
मी वहीतली बाई.
तीन महिन्यांचं भाडं, ट्रकचं डिझेल,
वायोमिंग, युटा, आयडाहो,
वाटेतली दोन मोटेल, हीटर बिघडलेला.
बेरीज करायला बसते
आणि शेवटी हातात येते ती वजाबाकी.

फॉर्म विचारतो: सध्याचा पत्ता.
नेब्रास्का लिहिलं की कोणी उत्तर देत नाही.
सहाव्या अर्जापासून मी लिओटाचा पत्ता टाकला,
गॅरेजवरची खोली, जिथे मी दोनदाच झोपले आहे,
त्यातली एक रात्र भांडून.
फॉर्म विचारतो: राज्य बदलण्याचं कारण.
ती जागा आता कोरी सोडता येते,
तेवढंच एक सुख.

मग फोन येऊ लागले.
मासळीचा कारखाना. ओंडक्यांचं आवार.
जेवणाच्या सुट्टीत पिकअपमध्ये बसून बोलायचे,
काचा वर, तरी शिजल्या बीटचा वास आत.
काटा काट्यासारखाच असतो, मी सांगायचे,
वर काय ठेवलंय ते तो विचारत नाही.
मासळीवाला माणूस खूश होता.
जाता जाता म्हणाला,
आज पूल बंद होता, तुम्हालाही खोळंबा झाला असेल.
मी म्हटलं, कुठला, प्लॅटवरचा?

पलीकडे कोणीतरी मासे ओतत होतं,
तेवढंच ऐकू येत राहिलं.

त्याच आठवड्यात हार्लन रायसिगने
माझ्या टेबलावर एक फाइल आपटली.
दुसऱ्या काट्यावर माणूस हवाय, अर्ज चाळून दे.
बाहेरच्या राज्यांतले सरळ बाजूला काढ,
ते लोक नुसते अर्ज करतात, येत कोणी नाही.

बाजूला काढलेल्यांत खालून दुसरा
लुइझियानाचा होता. अल्सीड नाकँ,
उसाच्या काट्यावर बावीस वर्षं.
निळ्या शाईत, अक्षर गाडी लावल्यासारखं सरळ.
पत्ता त्याचाच, होमा गावचा, रस्त्यासकट.
कारणाच्या दोन ओळींत त्याने लिहिलं होतं:
इथली जमीन दर वर्षी थोडी पाण्यात जाते.
मुलगी म्हणते, बाबा, आता बास.

मी फोन लावला. विचारलं,
उसाला माती किती धरता?
तो हसला. ओल्या वर्षी विचारू नका, बाई.
मग मी त्याला खरं सांगितलं,
जानेवारीत इथे दाराची कडी हाताला चिकटते,
पगार जाहिरातीत आहे तेवढाच, वर काही नाही,
आणि वारा कधी थांबत नाही.
तो म्हणाला, वारा चालेल.

हार्लनने गठ्ठा पाहिला.
हा वर कसा आला? बाहेरचा आहे.
येईल, मी म्हटलं.
कशावरून?
पत्ता खरा लिहिलाय.
हार्लनला ते काही कळलं नाही,
कळायचं कारणही नव्हतं.

रात्री बारावा अर्ज भरला.
व्हिल्मा श्लोटहाउर, स्कॉट्सब्लफ, नेब्रास्का.
कारण लिहायला दोन ओळी पुरेनात,
म्हणून मार्जिनमध्ये गेले.

त्यालाही आता अठरा दिवस झाले.
आज भर दुपारी लिओटाचा फोन:
तुझ्या नावाचं पाकीट आलंय इथे,
मासळीवाल्यांचा शिक्का आहे, फोडू?
मी म्हटलं, थांब जरा,
ट्रक काट्यावर आहे.