सातबाऱ्यावर नसलेली वाट

गगनबावड्याच्या कड्यावर
आम्ही गाव मांडतोय, अजून कागदावरच.
मुनीर शिकलगारने उद्यमनगरातून आणलाय
कास्टिंगच्या ड्रॉइंगचा पाठकोरा कागद.
चार कोपऱ्यांवर चार जांभे दगड,
तरी खालून, करूळच्या घाटातून
खारा वारा त्याला उचलून बघतोच.

समुद्र दिसत नाही इथून.
अनंतमती म्हणते, दिसतो,
मृगाच्या आधी, दिवस बुडताना, एक पितळी रेघ.
पाटबंधारे खात्यात तिची तीस वर्षं गेली,
तिच्या रेघेवर कोण शंका घेणार?

बारा घरं. एक चूल.
गोबरगॅस वाऱ्याच्या पाठीला.
सांडपाणी केळीला, केळीचं पान जेवायला,
उष्टं पान म्हशीला.
इथवर सगळं जमलं होतं.
भांडण फक्त वॉशिंग मशीन एक की दोन, यावर.

तेवढ्यात धुळाबाई कोकरे आली,
म्हशी उताराला सोडून.
उभ्या उभ्याच वाकली,
तंबाखूच्या चुन्याचं बोट ओढलं
तिरकं, चुलीमधून,
तिसऱ्या घराच्या न्हाणीतून, थेट झऱ्यापर्यंत.
"ही आमची वाट."

सातबाऱ्यावर नाही, मुनीर पुटपुटला.
"म्हशीस्नी वाचाय येत न्हाई," म्हणाली,
आणि हाळी देत गेली.

चुना वाळला. खोडरबराने जाईना.
अनंतमतीने कागद उलटा केला,
त्या बाजूला कुठल्याशा पंपाचा आराखडा.
"ह्यावरच काढ. आधी वाट.
घरं मग बघू, कुठं मावतात ती."

मुनीर काढतोय
पंपाच्या पोटातून,
तिरकी.