दहा ॲम्पिअर

पहाटे पावणेपाच. डुलूथ. उणे बावीस.
करोला पहिल्याच किल्लीला जागी झाली, हीटर खोकला,
काचेवरचा बर्फ मी खरवडला, अर्धाच, घाईत,
आणि ब्रेक दाबून दांडा ओढला
तर तो पी वरून हलेना.

पुन्हा. पुन्हा, अंगठ्याने जोर लावून.
पुन्हा, गाडी बंद करून, चालू करून,
‘चल गं बाई’ म्हणून.
अडेलतट्टू परवडलं, त्याला निदान
पिळायला कान तरी असतात.

आमच्या गल्लीचा उतार असा
की पिशवीतून सांडलेला बटाटा थेट लेक सुपीरियरमध्ये जाईल.
वाटलं, रात्रभर सगळा भार पी वरच पडला असेल,
दात दातांत रुतले असतील.
पुढे जाऊन बॉनेटला खांदा लावला,
गाडी बोटभर तरी वर सरकावी म्हणून.
तिला पत्ताही लागला नाही.

साडेपाचला माझी पहिली खुर्ची भरते.
मिसेस ऑस्टबी. डावा हात, चार तास.
त्याआधी मशीन धुऊन, तपासून ठेवावं लागतं.
त्यांच्या रक्ताला काय सांगू,
गाडी रुसलीय?

डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांचा टेस्टर आहे.
चाळीस वर्षं इचलकरंजीत माग दुरुस्त केले त्यांनी.
मी निघाले तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी खोचला:
‘आधी वीज बघ, मग देव आठव.’
इथल्या कुठल्याच भिंतीला मी तो लावलेला नाही.

दांड्याशेजारी नखाएवढं झाकण असतं.
टेस्टरच्या टोकाने ते उचकटलं. खाली भोक.
आत टोक खुपसून दांडा ओढायचा, की सुटतो म्हणतात.
ओढणार, तेवढ्यात काचेवर टकटक.

समोरचे आर्वो लाहटी.
तीन हिवाळे आमची ओळख म्हणजे
लांबून वर केलेला हात.
पायजम्यावर जाड कोट, बगलेत फावडं.
‘तसं केलंस तर जाशील,’ ते म्हणाले,
‘पण तू थांबलीस हे मागच्याला कळणार नाही.’

आणि मागे जाऊन उभे राहिले.
‘दाब.’
‘सोड.’
‘दाब.’
आरशात मोज्यातला अंगठा: खाली.
खाली.
खालीच.

सात वर्षं या देशात गाडी चालवतेय,
माझ्या ब्रेकचा दिवा मी एकदाही पाहिलेला नाही.
पाय इथे, उजेड तिथे,
बघायला तिसरं कुणीतरी लागतं,
बूट घालून थंडीत येणारं.

गुडघ्यापाशी फ्यूजची पेटी. मोबाईलच्या उजेडात
लिमलेटच्या गोळ्यांसारखे ओळीने निळे, पिवळे, तांबडे.
ब्रेकच्या दिव्याचा तांबडा, दहाचा.
आतली तार मधोमध तुटलेली, केसाएवढ्या फटीने.
एवढ्याशा फटीसाठी
सव्वा टनाचं लोखंड ठाण मांडून बसलं होतं.

तसाच दुसरा कुठला? रेडिओचा.
हातमोजा दातांनी ओढून काढला,
बधिर बोटांनी इकडचा उपटून तिकडे बसवला,
एकदा सीटखाली पडला, शिव्या दिल्या, मराठीत.

‘दाब.’
दांड्याखाली टक्.
जीभ टाळूला लावून काढावा एवढाच आवाज.
आणि आरशात आर्वो लाल.
दाढी लाल, श्वास लाल, फावडं लाल,
त्यांच्यामागचा बर्फाचा ढीग
घागर उपडी केल्यासारखा लालेलाल.
अंगठा वर.

काच खाली करून काही बोलणार होते,
ती गोठलेली. हात वर केला, नेहमीसारखा.

उतार उतरले. रेडिओ मुका.
खाली चौकात थांबा लिहिलेली पाटी,
चारी बाजूंना काळं कुत्रं नाही.
तिथे ब्रेक दाबून राहिले,
लागतं त्यापेक्षा
बराच वेळ.