इतिवृत्त, कासार बोळ

गुरुवारी रात्री साडेनऊला, थेट्यांच्या बंद गिरणीत.
हजर सतरा. त्यातले चार चहापुरते.
वही माझ्याकडे आली, कारण अक्षर बरं,
आणि कारण मी अजून
गंगापूर रोडला राहायला गेले नाही.

विषय पहिला, खांबावरचा दिवा.
विषय दुसरा, गटार.
तिसऱ्याला नाव देता येईना कुणाला.
चिंतामण लोणारी म्हणाले, "लिही, संध्याकाळ.
सातला शटरं पडली की बोळात
आपलीच चप्पल आपल्या मागं येते."
लिहिलं : संध्याकाळ. सूचक, लोणारी.
अनुमोदनाची जागा मोकळी सोडली.

तेव्हा पिठाच्या डब्यामागून दिगंबर तांबट,
ज्यांचं आयुष्य हंड्या-घंगाळांवर ठोके घालण्यात गेलं
आणि म्हणून ज्यांना वाटतं आपण हळूच बोलतोय,
ओरडले,
"रहाड!"

आपल्या बोळात होती म्हणे. पुरुषभर खोल, दगडी.
रंगपंचमीला त्यांच्या बापानं तिच्यात मारलेला धप्पा
तिवंध्यापर्यंत ऐकू गेला होता.
मग डांबर आलं. प्रत्येक निवडणुकीला एक थर.
रस्ता चढत गेला, उंबरे खाली राहिले,
पाऊस पडला की आम्ही घरात पायरी उतरून जातो
आणि पाणीही.

महापालिकेतले साहेब नकाशा उलगडून म्हणाले,
"इथं काही दाखवलेलं नाही."
जुबेदा कोकणी म्हणाली,
"माझी पायरीपण नाही दाखवलेली.
रोज आपटते मी तिच्यावर."

रात्री दोनला, शेवटची बाईक गेल्यावर,
दिगंबरकाका उकिडवे बसले रस्त्यात.
लाकडी मोगरी. एक ठोका, मान तिरकी.
"भरीव."
दोन पावलं सरकून पुन्हा. "भरीव."
आम्ही टॉर्च धरून मागं,
जसं काही कुणाची तरी नाडी बघणं चाललंय.
जुबेदाच्या दारासमोर ते थांबले,
पुन्हा ठोकलं, हलकं,
आणि हसले. गिऱ्हाइकाला फसवलेलं भांडं
परत हातात आल्यासारखे.

रविवारी खणलं.
तीन फुटांवर पाण्याची पाइपलाइन फुटली.

मंगळवारची सभा. तातडीची. हजर एकसष्ट!
एवढी माणसं इथं राहतात हे मलाच माहीत नव्हतं.
शिव्या शब्दशः लिहिल्या नाहीत,
"तीव्र नापसंती" असं अकरा वेळा लिहिलंय.
भाडेकरू, मालक, वरच्या मजल्यावरची नर्सिंगची पोरं,
आणि नऊ वर्षं भिंतीवरून कोर्टात असलेले
दोघे भाऊ बेदरकर,
एकाच बाजूनं ओरडत, बहुतेक पहिल्यांदाच.
टँकर आला तेव्हा सभा अर्धी राहिली.
नळी बोळात वळेना. धाकट्या बेदरकरानं टोक धरलं,
थोरला म्हणाला, "असं नाही, उचलून धर,"
तो म्हणाला, "मग तूच ये ना."
थोरला गेला.
याला समेट म्हणता येत नाही. मी फक्त वेळ लिहिली :
सात वाजून दहा.
ओट्यांवर बादल्या, बादल्यांशेजारी माणसं,
कुणीतरी मोबाइलच्या उजेडात शेंगा सोलत होतं.

पाइप जोडला. खड्डा बुजवायचा की नाही यावर मतदान.
नको : चौतीस. बुजवा : एकोणीस. बाकीचे पाणी भरत होते.

आज कुदळ लाकडावर लागली.
काळं, जाड, बहुतेक सागवान.
झाकणाची फळी असेल, किंवा
कुणा जुन्या मोरीवरची असेल.
दिगंबरकाकांना दोरीनं खाली उतरवलं.
त्यांनी कान लावला, बराच वेळ,
वर आले, धोतर झटकलं,
विचारलं तर म्हणाले, "चहा कुठाय?"

रंगाला पळसाची फुलं किती लागतात
यावर एकमत नाही.
शंभर किलो, दोनशे किलो,
दोन्ही आकडे लिहून ठेवलेत.
पुढची सभा गुरुवारी, खड्ड्याभोवती.
येताना आपापला पाट आणावा.