जोड

अन्वयचा निरोप आला: चौथी पातळी, पूर.
साठ सेकंदांचं संगीत हवं, पण ते संपू नये.
खेळणारा तिथे तासभरही अडकेल,
त्याला कंटाळा येता कामा नये,
आणि संगीत चालू आहे हेही कळता कामा नये.

शेवटची ओळ मी तीनदा वाचली.
मग पंखा बंद करून बसले.
सिडकोतली दुपार, वरच्या मजल्यावर मिक्सर.

पहिल्या दिवशी तानपुरा, त्यावर व्हायोलिनं.
नदी कुठली, मंगल कार्यालय झालं.
दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं.
ढोल वाजवणार नव्हतेच,
नाशिकची म्हटलं की जो तो ढोलच मागतो.

तिसऱ्या दिवशी घाटावर गेले.
दुतोंड्या मारुती कोरडा ठणठणीत,
पायाशी कुणाची तरी मेथीची गोणी.
आमच्याकडे पूर फुटांत सांगत नाहीत.
गुडघ्याला लागलं, म्हणतात. कमरेला. छातीला.
तेवढ्यावर भांडीबाजार ओळखतो
कुठली फळी आधी रिकामी करायची.

तिथेच, पायरीवर, मोबाइलमध्ये लिहिलं:
गुडघ्याला – नुसता खर्ज.
कमरेला – घागर बुडताना सुटणारी हवा.
छातीला – तांब्यावरचे ठोके.
गळ्याला –
इथे काहीच सुचेना.

ठोके आणायला तांबट आळीत.
लोलगेकाकांनी माइककडे पाहिलं,
त्याच्या केसाळ टोपीकडे जास्त.
"गेमसाठी? त्यात हंडा कशाला?"
सांगता येईना. ते ठोकत राहिले,
मी हेडफोन लावून गप्प.
मग हंडा माझ्याकडे सरकवला: जोड शोध.
बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. सापडेना.
"पाणी भरून ठेव रात्रभर.
जोड पाण्याला सापडतो, डोळ्याला नाही."

पाच रात्री तेच.
साठावा सेकंद संपतो, पहिला सुरू होतो,
आणि मध्ये केसाएवढी फट,
मलाच ऐकू येणारी.
शेवटी ठोक्याची कणकण कापलीच नाही,
सांडू दिली पुढच्या फेरीवर.
कान लावून बसले. गळलं नाही.

आणि गळ्याशी पाणी आलं की
एकेक काढून घेतलं सगळं:
ठोके, हवा, खर्जसुद्धा.
उरतो तो खेळणाऱ्याचा स्वतःचा श्वास.
तो मी रचलेला नाही.

भाच्याला खेळायला बसवलं.
अद्वैत सतरा वेळा बुडाला.
संगीताबद्दल अवाक्षर नाही.
अठराव्यांदा मात्र पाणी चढताना
खुर्चीवर पाय वर घेऊन बसला.

श्रेयनामावलीत लोलगेकाकांचं नाव घातलंय.
ती नवव्या पातळीनंतर येते,
अजून तिथवर कुणी पोचलेलं नाही.
फोन करून सांगितलं तर म्हणाले,
ते असू दे. पाणी कुठवर येतं?
म्हटलं, मारुतीच्या तोंडापर्यंत.
पलीकडे ठोके थांबले.
"कोणत्या तोंडापर्यंत?"