अकरा रुपये चाळीस पैसे

बालेवाडीत, टाइल्सच्या शोरूमच्या वर,
मी बोट टेकण्याचे भाव काढते.
आई म्हणाली, म्हणजे भविष्यच की.
नाही गं. ज्योतिषाला दक्षिणा आधी मिळते.

हिशोब असा:
शंभर जण डोकावले,
दोघांनी कळशी घेतली,
एका कळशीमागे सुटले सातशे,
तर एका डोकावण्याची किंमत चौदा रुपये.
त्यावर गेलात की ते दुकान नाही, अन्नछत्र.
म्हणून मी लावते अकरा चाळीस.
उरलेल्या दोन साठमध्ये बसवते
परत आलेली पार्सलं, वाटेत पडलेले पोचे,
आणि माझं चुकणं.

करड्यांचं दुकान तांबट आळीत.
वेबसाइट त्यांच्या सुनेची, मृण्मयीची.
फोटो तिनेच काढलेत, गच्चीत, सकाळच्या उन्हात.
मी लिहून दिलं होतं:
धनत्रयोदशीआधी दिवसाला नऊशे माणसं,
मार्गशीर्षात उतार,
चैत्रात पुन्हा थोडी तहान.
आकडे बरे निघाले. नऊशेचे आठशे साठ.

पण एक फोन होता.
कसब्याच्या आसपासचा, जुना, काच तडकलेला असावा
(हे मी आपलं मनानेच).
रात्री पावणेदोनला यायचा,
जाहिरातीवर बोट टेकायचा,
कळशी मोठी करून बघायचा,
आणि निघून जायचा.
एकवीस रात्री. त्रेसष्ट वेळा.
सातशे अठरा रुपये वीस पैसे.
एक अख्खी कळशी त्याने नुसती बघून संपवली.

मनपाची बस पकडून गेले सांगायला.
आळीत कुणाशी बोलायचं तर
दोन ठोक्यांच्या मधे बोलावं लागतं.
भालचंद्र करडे मांडीत कळशी घेऊन मठारत होते.
मी सांगितलं. ते थांबले.
"मीच तो," म्हणाले.
"झोप लागत नाही. नाव टाइप केलं की
ही सगळ्यात वर येते, उजेडात.
त्याचे पैसे पडतात?"
दर वेळी, काका.
"कुणाला?"
तुम्हालाच.

बराच वेळ काही नाही. मग:
"एका कळशीला चार हजार ठोके धर.
मला ठोक्यामागे काय सुटतं, काढ बघू."
मी फोनवर भागाकार केला.
साडेसतरा पैसे.
ते हसले. मृण्मयी हसली नाही.
"बोट महाग झालं म्हणायचं," म्हणाले,
आणि पुन्हा खाली वाकले.

ऑफिसात येऊन मी तो फोन वगळला.
दोन मिनिटांचं काम.
आता जाहिरात अख्ख्या पुण्याला दिसेल,
फक्त त्यांना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयीचा फोन.
बाबा रात्रभर बसून होते.
नाव चार प्रकारांनी टाइप केलं,
ऱ्हस्व कळशी, दीर्घ कळशी,
वर दुसऱ्यांच्याच कळश्या, यंत्रावरच्या, गुळगुळीत.
विचारत होते,
आपलं दुकान बंद झालं का?

तन्वीर म्हणाला, तोटा आहे, भावना बाजूला ठेव.
बरोबर आहे त्याचं.
मी तो फोन परत आत घेतला.
महिन्याच्या अंदाजात त्रेसष्ट क्लिक धरले,
नव्वदसुद्धा होतील, थंडीत रात्री मोठ्या असतात.
कुठल्या रकान्यात टाकू, सुचेना.
दोन साठच्या खाली लिहिलं:
माझं चुकणं.