वर-खाली

कॅमेरा काउंटरवर ठेवून चंपव्वा म्हणाली,
'एरडेरडु काण्तैति.'
दोन-दोन दिसतंय.
निपाणीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला
एवढं कानडी येतंच.
माझ्या पाटीवर माझं नावसुद्धा दोनदा आहे,
त्याची तक्रार अजून कुणी आणली नाही.

मगदूम फोटो बंद होऊन बारा वर्षं झाली.
चामडी पिशवीला अजून वखारीचा वास.
तंबाखूच्या बायकांचे ओळखपत्राचे फोटो
जिनगोंडा मगदूम यातूनच काढायचा.
हलू नका म्हणायचा, हसू नका म्हणायचा,
मग काहीतरी बोलून स्वतःच हसवायचा.

मी दारात गेलो, एक डोळा मिटला,
तवंदीच्या डोंगरावरचा टॉवर धरला
आणि रिंग पार शेवटाला नेली,
जिथं आकडे संपून आडवा आठ येतो.
लांबचं सगळं तिथं एक व्हायला हवं.
मधल्या पिवळट चौकोनात
टॉवर दोन होते.
शेजारी-शेजारी नव्हेत,
एकाच्या खांद्यावर दुसरा, जत्रेतल्या पोरासारखा.

शेजारचे दोन रिंगेनं जुळतात,
निदान जुळल्यासारखे दिसतात.
वर-खालीपुढं रिंगेचं काही चालत नाही.
'पडला होता का?'
'इल्ल.'
सगळेच नाही म्हणतात.
मी कोपरे चाचपले. एक पोचा नाही.

तीन स्क्रू, रिळाची कळ, वरचं झाकण.
आत तपकिरी धूळ, मऊ, बारीक.
काचा पुसल्या. सोनेरी आरशाला मात्र कापूस लावला नाही,
तो पुसला की पुसलाच जातो,
त्याला फक्त फुंकर.
मग वर-खालीचा तो स्क्रू दिसला.
खाच झिजून त्याची वाटी झालेली,
आणि त्याच्यावर नेलपॉलिश.
गुलाबी, त्यावर मरून, त्यावर चमकी.
पक्कं करायचं, फोडायचं, पुन्हा पक्कं करायचं.

दिवा खाली ओढून भिंग तिच्या हातात दिलं.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
'ही चमकी सुप्रितीची.
उरुसातनं आणलेली.
हरवली म्हणून दोन दिवस जेवली नाही पोरगी.
धाकट्याला मी मारलं होतं.'

मग अर्धं कानडीत, अर्धं मराठीत:
चहा बशीच्या बाहेर ओतायचे.
चंद्रावर चंद्र बसलाय म्हणायचे.
डॉक्टरकडे चला म्हटलं की,
डोळ्याला काय झालंय, कॅमेरा बिघडलाय.
रात्री दार लावून बसायचे.

चाळीस वर्षं मी एकच विचारत आलोय,
वस्तू कुठं पडली.

पाव फेरा. टॉवर. पावाहून कमी. टॉवर.
वरचा हळूहळू उतरला
आणि खालच्यात बसला.
पुन्हा समोरच्या औषधांच्या दुकानाची कड,
मग कॅलेंडरचा खिळा, एका मीटरवर.
आता पक्कं करायला थेंबभर काहीतरी हवं होतं.
माझी लाख वाळून दगड झालेली.
चंपव्वानं पिशवीचा बाजूचा कप्पा उघडला,
आत हात घातला, तसाच ठेवला,
आणि बाटली काढली.
तळाशी जरा ओल होती.

जुने थर मी खरवडले नाहीत.

झाकण लावून कॅमेरा दिला.
तिनं टॉवर पाहिला.
'ओंद,' म्हणाली.
मग पैसे किती ते न विचारता
कॅमेरा माझ्याकडे वळवला.
'हलू नका,' शुद्ध मराठीत. 'हसू नका.'
हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन मी उभा.
रिंग फिरत होती, थांबत होती, मागं येत होती.
तिला तेव्हा मी किती दिसत होतो
कोण जाणे.